जॅककाकांची तिजोरी

मार्च सरला की ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या चाहत्याला पूर्वी एकच काम असायचं. उरलेले सामने कुणाशी आहेत ते बघायचं आणि बोटांवर गुण मोजायचे. घरी तीन, बाहेर दोन, एवढ्यात वर चढायची संधी देणारा सहावा नंबर गाठता येईल का? आता ते गणित मागे पडलंय. आता पहिला प्रश्न असतो, यंदाचा तोटा किती? मग, तीन वर्षांचा मिळून किती? मग, ३० जूनला हिशेबाचं वर्ष संपायच्या आत कुणाला विकणार? गोल कोण मारणार, हा प्रश्न चौथा नाहीतर पाचवा.

मी पुण्यात राहतो आणि ब्लॅकबर्नचा चाहता आहे, हे ऐकलं की लोक समजूतदारपणे मान डोलावतात. "हां हां, वेंकीज! आपल्या कोंबडीवाल्यांचा क्लब ना?" गावच्या कंपनीच्या अभिमानापोटी मी त्या क्लबच्या नादी लागलो असा त्यांचा समज होतो. प्रत्यक्षात मी आधीपासूनचा. माझं प्रेम १९९४-९५ च्या हंगामातलं, आणि पुण्याच्या कंपनीने क्लब घेतला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. लँकेशरमधल्या एका कापड गिरण्यांच्या गावाचा क्लब विकायला निघावा आणि जगभरातून नेमकं माझ्याच गावातलं कुणीतरी पैशाची पिशवी घेऊन उठावं, हा योगायोग अजून पुरता पचनी पडलेला नाही.

१९९४-९५ च्या सुमारास पुण्यात इंग्लिश फुटबॉलचा शौकीन म्हणजे मँचेस्टर युनायटेडचा, फार तर लिव्हरपूलचा. टीव्हीवर कधी काय दिसेल ते केबलवाल्याच्या मर्जीवर. खरा आधार रेडिओचा. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर शनिवारचे सामने हिवाळ्यात आपल्याकडच्या रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात साडेसातला सुरू व्हायचे. रेडिओ खिडकीत ठेवून त्याची एरियल गजाला टेकवली की आवाज जरा माणसात यायचा. मध्येच कुठलंसं चिनी केंद्र घुसायचं आणि ते जाईपर्यंत कुणीतरी गोल करून मोकळा झालेला असायचा. निकाल वाचणाऱ्याच्या आवाजात असा काही चढ-उतार असे की पाहुण्या संघाचा आकडा त्याने उच्चारायच्या आत कळून चुके. मग सोमवारच्या नाहीतर मंगळवारच्या इंग्रजी पेपरात, बुद्धिबळाच्या बातमीखाली, मुंगीएवढ्या टायपात गुणतक्ता. संघ, सामने, गुण. तक्त्याखाली तळटीप नसायची. जे छापून आलं ते झालं.

१९९२ ची चढाई मी चालू असताना अनुभवली नाही. ती मागाहून गोळा केली, रद्दीवाल्याकडच्या 'स्पोर्टस्टार'च्या अंकांतून आणि पुढे यूट्यूबवरून. पण ब्लॅकबर्नच्या माणसाला ती तोंडपाठ लागतेच. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस. वडिलांच्या पत्र्याच्या धंद्यातून भावाबरोबर त्याने पोलादाचा व्यवसाय उभा केला, तो ब्रिटिश स्टीलला तीस कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकला, आणि लहानपणापासून ज्या संघासाठी घसा कोरडा केला तो १९९१ मध्ये ताब्यात घेतला. संघ दुसऱ्या पायरीवर लोळत होता. मैदान जुनाट. वॉकरने काय करावं? लिव्हरपूलला तीनदा लीग जिंकून दिलेल्या केनी डॅल्ग्लिशला थेट फोन लावावा, आणि त्यानेही यावं! इंग्लंडमधल्या निम्म्या लोकांनी तेव्हा पेपर दोनदा वाचला असेल.

त्या हंगामात रोव्हर्स फेब्रुवारीपर्यंत तक्त्याच्या डोक्यावर होते. मग लागोपाठ सहा सामने हरले. डोकं सोडाच, तिसऱ्या ते सहाव्या नंबरांना वर जायची आणखी एक संधी देणारे प्ले-ऑफही हातचे जातात की काय अशी अवस्था. शेवटच्या दिवशी प्लिमथला जाऊन डेव्हिड स्पीडीने तीन गोल ठोकले, ३-१ जिंकून सहावा नंबर मिळाला आणि प्लिमथ बिचारे त्याच निकालाने खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. उपांत्य फेरीत डर्बी काउंटीला दोन सामने मिळून ५-४ ने हरवलं. वेम्ब्लीवर लेस्टरविरुद्ध माइक न्यूएलची एक पेनल्टी आत गेली, आणि प्रीमियर लीग नावाची नवी दुकानदारी ज्या ऑगस्टात उघडली त्याच ऑगस्टात ब्लॅकबर्नचा गाळा त्यात लागला. त्याच उन्हाळ्यात ॲलन शिअरर आला, इंग्लंडमधली तोवरची विक्रमी किंमत मोजून, तीस लाखांहून जास्त पौंड. दोन वर्षांनी क्रिस सटन, पन्नास लाखांना. घरच्या मैदानाच्या, ईवुड पार्कच्या, तीन बाजू पाडून नव्या बांधल्या. ब्रॉकहॉल गावात पोरांसाठी अकादमी उभी राहिली. वॉकरला सगळं गाव 'अंकल जॅक' म्हणायचं. माझ्या तोंडी ते जॅककाका झालं ते तेव्हापासून.

१४ मे १९९५, रविवार. ॲनफिल्डवर शिअररने गोल केला, जॉन बार्न्सने तो फेडला, आणि भरपाईच्या वेळेत जेमी रेडनॅपची फ्री किक आत गेली. २-१ ने हरलो. लीग गेली, असं म्हणत मी रेडिओकडे पाठ फिरवली, तेवढ्यात वेस्ट हॅमकडून खबर आली की युनायटेडला १-१ च्या पुढे जाता आलं नाही. आमचे ८९ गुण, त्यांचे ८८. मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी अंगणात येऊन विचारलं, "काय रे, लाइट गेले का?"

आता हीच गोष्ट आजच्या नियमांत बसवून बघतो.

चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे दुसऱ्या पायरीवरच्या क्लबने तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांहून जास्त तोटा करायचा नाही. प्रीमियर लीगमध्ये हा आकडा २०२५-२६ पर्यंत साडेदहा कोटी होता. मैदानाचं बांधकाम, अकादमी, महिला संघ यांवरचा खर्च त्यात धरत नाहीत. मालकाच्या घरात नोटांच्या थप्प्या असोत, मर्यादा तीच. ओलांडलीत तर दंड, खेळाडू घेण्यावर बंदी, किंवा सरळ गुणांना कात्री. म्हणजे जॅककाकांनी ईवुड पार्क बांधला असता, अकादमीही बांधली असती, पण डॅल्ग्लिशच्या संघाचे पगार आणि शिअररची किंमत, दुसऱ्या डिव्हिजनच्या तिकीटविक्रीवर? पहिल्याच वर्षी लीगच्या आयोगापुढे उभे राहिले असते. स्मरणरंजन करताना मी ज्या दिवसांसाठी हळवा होतो ते आजच्या भाषेत नियमभंगाचे दिवस आहेत, हे मला चांगलं ठाऊक आहे. हळवेपणा त्याने तसूभरही कमी होत नाही.

आणि तरीही, तेव्हा सगळं स्वच्छ होतं असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टोळीत मला बसायचं नाही. तळटिपा तेव्हाही होत्या, फक्त आमच्या पेपरात पोचत नव्हत्या. १९९० मध्ये स्विंडन टाउनने वेम्ब्लीवर सन्डरलंडला १-० ने हरवून पहिल्या डिव्हिजनमध्ये जागा मिळवली. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच. काही दिवसांतच खेळाडूंना वहीबाहेर दिलेल्या पैशांचं प्रकरण लीगपुढे आलं. लीगने त्यांना वर चढवायच्या ऐवजी एक पायरी आणखी खाली, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये टाकलं. अपील केल्यावर होते तिथेच राहायची सवलत मिळाली आणि वर गेला तो वेम्ब्लीवर हरलेला सन्डरलंड. स्विंडनच्या ज्या माणसाने त्या दिवशी वेम्ब्लीवर पोराला खांद्यावर घेऊन गाणी म्हटली असतील, त्याला 'पूर्वी निकाल मैदानात लागायचे' असं सांगून बघा!

नियम का आले तेही पाहिलेलं आहे. लीड्सने चॅम्पियन्स लीगचे पैसे येणारच असं धरून कर्ज काढलं, ते आले नाहीत, २००४ मध्ये प्रीमियर लीग गेली आणि २००७ मध्ये तिसऱ्या पायरीवर. लेस्टर २००२-०३ च्या हंगामात दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती होता आणि त्याच हंगामात वरही गेला. देणेकरी ताटकळत बसले आणि संघ प्रीमियर लीगमध्ये. त्यावरून एवढा गहजब झाला की प्रशासक नेमण्याची वेळ आली तर दहा गुण कापायचे, असा नियम २००४ मध्ये आला. पोर्ट्समथ २०१० मध्ये कोसळला तेव्हा थकलेल्या देण्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स होती. सामन्यात कुणी भोवळ येऊन पडलं तर धावणारे स्वयंसेवक, त्यांचे अडीच-तीन हजार पौंड. खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांची देणी मात्र आधी आणि पूर्ण द्यायची, ही फुटबॉलची जुनी रीत. तेव्हा हिशेब मागणारं कुणीतरी हवं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझी तक्रार हिशेब मागण्याबद्दल नाही. तो कधी मागतात आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडतात, याबद्दल आहे.

२०१४ चा प्ले-ऑफ अंतिम सामना घ्या. डर्बी काउंटी अख्खा सामना चढून खेळत होती, क्वीन्स पार्क रेंजर्सचे दहाच खेळाडू उरले होते, आणि नव्वदाव्या मिनिटाला बॉबी झमोराने चेंडू वळवला. रेंजर्स वर. त्यांनी त्या वर्षी मर्यादेच्या किती पलीकडे खर्च केला होता ते यथावकाश बाहेर आलं, खटले चालले, आणि दंड, खर्च व मालकांनी सोडून द्यायचं कर्ज असं मिळून चार कोटी पौंडांच्या वरची तडजोड झाली ती २०१८ मध्ये. तोवर रेंजर्स प्रीमियर लीगमध्ये जाऊन, एका वर्षात खाली येऊन, जुनेपुराणेही झाले होते. डर्बीला काय मिळालं? काही नाही. त्यानंतर डर्बीच्या मालकांनी ठरवलेलं दिसतं की आता आपणही सोवळं सोडायचं.

मग सुरू झाली मैदानं विकण्याची शक्कल. क्लबचं मैदान मालकाने आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकायचं आणि आलेला नफा क्लबच्या वहीत दाखवायचा. डर्बीने आपलं प्राइड पार्क असं आठ कोटी पौंडांच्या घरात विकलं. शेफील्ड वेन्सडेने हिल्सबरो सहा कोटींच्या आसपास. ॲस्टन व्हिलानेही तेच केलं आणि ते २०१९ मध्ये वर गेले, वेम्ब्लीवर पुन्हा डर्बीलाच हरवून. हे सगळं मी कोल्हापूरच्या एका मित्राला समजावत होतो. तो पाटाकडील तालमीचा कट्टर. शाहू स्टेडियमवर खंडोबा तालमीविरुद्ध सामना असला की घरच्या लग्नालाही उशिरा जाणारा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मैदान त्यांचंच, घेणारा बी त्योच, आनि नफा झाला म्हनून पेढं वाटायचं?" इंग्लिश फुटबॉल लीगच्या वकिलांना एवढं नेमकं मांडायला काही वर्षं लागली.

या शकलेचा कळस पाहायचा तर ८ मे २०२१ चा दिवस. चॅम्पियनशिपची शेवटची फेरी, प्राइड पार्कवर डर्बी विरुद्ध शेफील्ड वेन्सडे. दोन्ही मैदान-विके. दोघेही बुडायच्या बेतात. वेन्सडेचे सहा गुण आधीच कापलेले, कारण मैदानाचा नफा त्यांनी ज्या वर्षाच्या वहीत लिहिला त्या वर्षी विक्री पुरी झालीच नव्हती. मूळ शिक्षा बारा गुणांची, अपिलात निम्मी झाली. सामना पुढे-मागे हेलकावत राहिला आणि डर्बीने पेनल्टीवर ३-३ अशी बरोबरी केली. तिथेच थांबला. डर्बी ४४ गुणांवर वाचली. वेन्सडे ४१ वर बुडाले. कापलेले सहा असते तर ४७, म्हणजे डर्बीच्याही वर.

पण माझं लक्ष त्या दिवशी तिसऱ्याच संघाकडे होतं. वायकम वॉन्डरर्स. चिमुकला क्लब, दुसऱ्या पायरीवरचा आयुष्यातला पहिलाच हंगाम. त्या दुपारी ते मिडल्सबरोत जाऊन ३-० ने जिंकले. ४३ गुण. डर्बीपेक्षा एक कमी. वायकम खाली. पुढे नोव्हेंबरात डर्बीने हिशेबातला गोंधळ कबूल केला. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत सारखी वाटून लिहायची असते, ती त्यांनी सोयीनुसार पुढे ढकलली होती. त्यापायी नऊ गुण गेले, प्रशासक आल्याबद्दल बारा आधीच गेले होते, एकूण एकवीस. हे नऊ मे महिन्यात कापले असते तर वायकम राहिले असते. कापले पुढच्या हंगामात, आणि त्याची फळं भोगली प्रशिक्षक वेन रुनीच्या पोराटोरांच्या संघाने. ५५ गुण मैदानात कमावले, तक्त्यात ३४ दिसले, आणि ते खाली गेले. त्या हंगामात डर्बीच्या मैदानावर येऊन बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्या हजारोंपैकी कुणी वहीत खाडाखोड केली होती?

आमच्या ब्लॅकबर्नचं पाणीही फार नितळ नाही. पुण्याचे मालक आले, महिन्याभरात प्रशिक्षक सॅम ॲलरडाइसला काढलं, २०१२ च्या मे महिन्यात घरच्या मैदानावर विगनकडून हरून प्रीमियर लीगबाहेर गेलो, आणि त्या सामन्यात कुणा संतप्त चाहत्याने मैदानावर जिवंत कोंबडी सोडली. पुण्यात मला तो प्रसंग अजून ऐकवतात. त्याआधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, रोव्हर्स बालेवाडीला पुणे एफसीशी खेळायला आले होते. मी गेलो होतो. छातीवर लँकेशरचा लाल गुलाब असलेली माणसं म्हाळुंगे-बालेवाडीच्या डोंगरापुढे सराव करताना पाहून आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण सगळा वेळ वाटत होतं की घरच्या लग्नात सोयरीक चुकलीय आणि दोन्हीकडचे पाहुणे आपल्यालाच विचारताहेत.

खाली आल्यावर परत वर चढण्यासाठी कंपनीने सढळ हाताने पैसा टाकला हे मान्य करायला हवं. जॉर्डन ऱ्होड्ससाठी ८० लाख पौंड मोजले. २०१३-१४ मध्ये चार कोटींहून जास्त तोटा झाला, आणि त्या वर्षीची मर्यादा होती ऐंशी लाख. डिसेंबर २०१४ मध्ये लीगने खेळाडू घेण्यावर बंदी घातली. आमच्याबरोबर लीड्स आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट. जॅककाकांनी जे केलं आणि पुण्याच्या मालकांनी जे केलं त्यात वहीच्या दृष्टीने फरक काय? उत्पन्नापेक्षा जास्त खर्च, फरक खिशातून. पहिल्याला पुतळा, दुसऱ्याला बंदी. फरक होता तो हा की जॅककाका शनिवारी ईवुड पार्कवर बसलेले दिसायचे, आणि कुणाला घ्यायचं हे डॅल्ग्लिश ठरवायचा. हा फरक कुठल्याही ताळेबंदात येत नाही. २०१७ मध्ये आम्ही तिसऱ्या पायरीवर गेलो. प्रीमियर लीग जिंकून तिथवर घसरलेला पहिला क्लब. पुढच्या वर्षी परत वर आलो खरे, पण पुढे दिल्लीतल्या कोर्टाच्या परवानगीवाचून भारतातून पैसे पाठवणंच अवघड होऊन बसलं, आणि सढळ हात आखडला.

मग आलं ८ मे २०२३. शेवटचा दिवस, मिलवॉलच्या मैदानावर. आता रेडिओ नाही. मोबाइलवर सामना, लॅपटॉपवर तक्ता, टॅबवर सन्डरलंडचा सामना. मध्यंतराला ३-१ ने मागे. शेवटी ४-३ ने जिंकलो! मिलवॉलचं स्वप्न मोडलं, आमचं मात्र साकारलं नाही. सन्डरलंडने प्रेस्टनला ३-० ने हरवलं होतं. दोघांचे ६९ गुण, गोलफरक त्यांचा अधिक तेरा, आमचा उणे दोन. सातवा नंबर. यात मात्र कुणाची वही नव्हती, वकील नव्हता, आयोग नव्हता. हरलो ते शुद्ध फुटबॉलने. मला खरं सांगायचं तर त्या रात्री वाईट वाटण्यातही एक जुनी चव होती. २०२४-२५ मध्ये परत सातवे, सहाव्या नंबरापेक्षा दोन गुण कमी. त्या वेळी फेब्रुवारीत पाचव्या नंबरावर असताना प्रशिक्षक जॉन युस्टेस उठून डर्बीला गेला. बुडणाऱ्या डर्बीला!

नियमांचा सगळ्यात बोचरा भाग मात्र वेगळाच आहे. विकत घेतलेला खेळाडू विकला तर त्याची वहीतली उरलेली किंमत वजा करून नफा धरतात. अकादमीत वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणून त्याची विक्री म्हणजे रुपयातले सोळाही आणे नफा. त्यामुळे हातघाईवर आलेला क्लब आधी विकतो तो घरचा पोरगा. प्रीमियर लीगमधले धनाढ्यही तेच करतात. ॲडम व्हार्टन ब्लॅकबर्नमध्ये जन्मला, ब्रॉकहॉलच्या अकादमीत शिकला, चेंडू पायाशी आला की आजूबाजूचा सगळा गलका मंदावल्यासारखा खेळायचा. १ फेब्रुवारी २०२४ ला, वयाची विशी पुरी व्हायच्या पाच दिवस आधी, तो क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. १ कोटी ८० लाख पौंड, वर काही अटींचे. तीन महिन्यांनी आम्ही शेवटच्या दिवशी लेस्टरला २-० ने हरवून कसेबसे चॅम्पियनशिपमध्ये टिकलो, आणि त्याच उन्हाळ्यात व्हार्टन इंग्लंडच्या युरो संघात होता. जॅककाकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अकादमीने त्यांच्या पश्चात कुणाची तरी वही सावरली, एवढंच.

१७ मे २०२५ ला व्हार्टन पॅलेसकडून वेम्ब्लीवर उतरला. सहकारी एझेच्या गोलवर मँचेस्टर सिटीला हरवून पॅलेसने एफए कप जिंकला, क्लबचा पहिला मोठा चषक. मी पुण्यात टाळ्या वाजवल्या, आमचाच पोरगा म्हणून. कपाबरोबर युरोपा लीगची जागाही होती. जुलैत युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, सांगितलं की पॅलेसमध्ये आणि फ्रान्सच्या लिऑनमध्ये एकाच माणसाचा हिस्सा आहे, दोघांना एका स्पर्धेत खेळता येणार नाही. पॅलेसला खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये पाठवलं आणि ती जागा दिली नॉटिंगहॅम फॉरेस्टला. हो, तेच फॉरेस्ट, ज्यांचे मार्च २०२४ मध्ये मर्यादेबाहेरच्या तोट्याबद्दल चार गुण कापले होते.